पांढरी आलेली फिल्म

एक्स-रे काढणाऱ्याला सगळ्यात झोंबणारी शिवी कोणती, तर "फिल्म पांढरी आली." बाकी काय हवं ते बोला. उद्धट म्हणा, लोकांना ताटकळत ठेवते म्हणा. दोन्ही खरंच होतं. पण कर्जतमधल्या एका छोट्या हाडांच्या दवाखान्यात मी एकतीस वर्षं एक्स-रे काढले आणि ही शिवी मला फार थोड्या वेळा ऐकावी लागली. त्यातही निम्म्या वेळा दोष विजेचा होता. याचा मला गर्व होता, आणि याच गर्वानं एकदा माझा घात केला. तीच हकीकत सांगायची आहे. शेवट गोड आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे दिवाळी अंक वाचताना कोणी हळहळत बसायला नको.

ज्यांचा कधी हातपाय मोडला नाही अशा भाग्यवानांसाठी धंद्याची थोडी ओळख. किरण मांसातून सहज आरपार जातात, तिथे फिल्म काळी पडते. हाड किरणांना अडवतं, म्हणून हाडाच्या जागी फिल्म पांढरी राहते. किरण कमी सोडले तर सगळंच पांढरं, जास्त सोडले तर सगळंच काळं. चौक गावचा ढाबेवाला आणि डोक्यावर मोळी वाहणारी म्हातारी यांना एकच माप लावून चालत नाही. माणूस दारातून आत आला की शिंप्यासारखं नजरेनंच त्याचं माप घ्यायचं आणि तसं बटण फिरवायचं. हे पुस्तकात नसतं, हातात मुरावं लागतं.

गिऱ्हाईकं म्हणाल तर एकेक नमुना. वर सांगितलेल्या ढाबेवाल्यानं आपल्या मोडलेल्या खुब्याची फिल्म फ्रेम करून गल्ल्यामागे, देवाच्या शेजारी टांगली होती. मी विचारलं तर म्हणाला, "बाय, यानंच वाचवला. सा म्हयने घरात पडून व्हतो, दारू सुटली." बायकांना छातीच्या फोटोसाठी मंगळसूत्र काढायला सांगितलं की त्या माझ्याकडे यमाची बहीण असल्यासारख्या बघत. मग मी ते तोंडात धरायला सांगे. गळ्यातूनही निघालं नाही आणि बडबडही थांबली. आमचे डॉक्टर कारखानीस मला म्हणायचे, "बाई, तुम्ही पोलिसात हव्या होतात."

आता सोनलची गोष्ट. पोशीरच्या पुढच्या एका गावातली ही मुलगी. पहिल्यांदा आली तेव्हा नऊ वर्षांची होती. जांभळाच्या झाडावरून पडली होती आणि मनगट सुजलं होतं. बरोबर बाप बाळाराम आणि आई हिरा. मुलीचं तोंड एका बाजूला जरासं ओढलेलं होतं. आई म्हणाली, तान्ही असताना वारं लागलं. उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांना जुळलेली होती. आईनं तेही कौतुकानं दाखवलं. "देवीची खूण हाय, बाय."

मी नऊ वर्षांच्या काडीसारख्या पोरीचं माप लावलं आणि फोटो काढला. डार्करूममध्ये फिल्म धुतली, तर पांढरी. हाडं खडूनं रंगवल्यासारखी. मला वाटलं, व्होल्टेज गेलं. किरण वाढवून दुसरी काढली. तीही पांढरी. आता माझं डोकं फिरलं. बाहेर दहा माणसं बसलेली आणि माझ्या हातून लागोपाठ दोन फिल्म वाया. तिसऱ्या वेळी मी चांगल्या थोराड बाप्याच्या हाताला लावतात तेवढे किरण लावले. फिल्म अशी सुरेख उतरली की विचारू नका. आधीच्या दोन कुणी बघायच्या आत मी रद्दीच्या बादलीत टाकल्या.

डॉक्टरांनी तिसरी फिल्म उजेडावर धरली. "वा, बाई! पुस्तकात छापावी अशी." मग बाळारामकडे वळून म्हणाले, "मोडलेलं नाही. मुका मार आहे."

"आमच्या घरात हाड मोडतच नाय, सायेब," बाळाराम म्हणाला. "मी वाड्याच्या कौलावरून पडलो, कपडं झाडून उठलो. ही माजी बायको माळ्यावरून भाताच्या कणग्यासकट खाली आली, काय नाय झाला. गावात हंडी लागली का सगल्यात खाली मीच. सात पोरं उभी ऱ्हातात अंगावर."

"दोघंही तसेच?" डॉक्टर हसत म्हणाले.

"मंग? ही माज्या मामाचीच पोर. एकाच घरानीची हाडं."

आम्ही सगळे हसलो. आमच्याकडे मामाची पोर करणं हा रिवाजच आहे, त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. जुळलेली बोटं, वाकडं तोंड, न मोडणारी हाडं आणि एका रक्ताचे आईबाप, सगळं एका खोलीत आमच्यासमोर उभं होतं. पाचवी गोष्ट बादलीत पडली होती. पोरीच्या हातात गोळी देऊन आम्ही तिला घरी पाठवलं.

मधे आठ वर्षं गेली. डार्करूम गेली, तिच्या जागी कॉम्प्युटर आला. या नव्या यंत्राची एक गंमत आहे. त्यात फोटो पांढरा येतच नाही. किरण कमीजास्त झाले तरी यंत्र आपणहून सगळं सारखं करून, गुळगुळीत चित्र दाखवतं. म्हणजे मी जी लबाडी कष्टानं केली होती ती आता यंत्र फुकट करतं. फक्त कोपऱ्यात एक आकडा येतो, प्लेटपर्यंत किरण किती पोचले त्याचा. तो आकडा फारसं कोणी बघत नाही. मी बघत असे, कारण माझा यंत्रावर विश्वास नव्हता.

भातलावणीचे दिवस होते. बाळाराम सतरा वर्षांच्या एका मुलीला घेऊन आला. मी दोघांनाही ओळखलं नाही. डॉक्टरांनी मानेचा फोटो लिहिला होता. मुलीचं डोकं सारखं ठणकत होतं, सकाळी उठल्या उठल्या उलटी व्हायची. आवण लावायला खाली वाकली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. अंगारा झाला होता, चष्मा झाला होता. नेरळच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं डोळ्यामागची शीर सुजलीय, मुंबईला न्या, असं सांगितलं होतं. पण बाळारामला कुणीतरी म्हणालं, मानेची शीर दबली असेल, म्हणून तो आमच्याकडे आला.

मी सडपातळ मुलीचं माप लावलं. पडद्यावर चित्र छान आलं, पण कोपऱ्यातला आकडा पार तळाला. किरण पोचलेच नव्हते. सवयीनं माझा हात किरण वाढवायला गेला. तेवढ्यात ती मुलगी टेबलावर उठून बसली आणि तिनं केस मागे सारले. त्या हाताची दोन बोटं जुळलेली होती.

मी हात मागे घेतला. माझ्या डोळ्यांसमोर ती रद्दीची बादली उभी राहिली. त्या दोन फिल्म बिघडलेल्या नव्हत्याच. खोटी होती ती तिसरी.

डॉक्टरांकडे धावत गेले आणि म्हटलं, "हिची हाडं हाडांसारखी नाहीत. पण हे यंत्र तुम्हाला तसं दिसू देणार नाही." ते म्हणाले, चित्र तर बरं दिसतंय. मी म्हटलं, "चला, बटण दाबायला या." मग मी जे केलं ते नियमात बसत नाही, कुणी करू नये. एकाच प्लेटवर डाव्या बाजूला सोनलचा हात ठेवला आणि उजव्या बाजूला माझा. एकच प्लेट, एकदाच किरण. आता यंत्राला लबाडी करायला जागा नव्हती. एका हाताला सारखं करायला गेलं तर दुसरा बिघडणार. डॉक्टर आयुष्यात पहिल्यांदा काचेमागे उभे राहिले आणि त्यांनी मलाच विचारलं, "कुठलं दाबू?"

चित्र आलं. सोनलचा हात चुन्यासारखा पांढरा, बोटांची हाडं जाड, आतली पोकळी जवळजवळ भरलेली. शेजारी माझा हात. आतून विरून चाळण झालेला. डॉक्टर पडद्याजवळ वाकले. मग हळूच म्हणाले, "बाई, हिची हाडं बघून घाबरू की तुमची बघून?"

त्यांनी मुंबईतल्या आपल्या जुन्या वर्गमित्राला फोन लावला. दोन दिवसांत कवटीचं स्कॅन झालं. कवटीचं हाड इतकं जाड झालं होतं की आत मेंदूला जागा उरली नव्हती. कानाची आणि चेहऱ्याची शीर ज्या बारीक भोकांतून जाते ती भोकंही आवळत आली होती. लवकर काही केलं नाही तर मुलगी आंधळी होणार, आणि कदाचित तेवढ्यावरही भागणार नाही, असं वर्गमित्रानं साफ सांगितलं. रक्ताची तपासणी पुढे बऱ्याच दिवसांनी आली, पण त्यानं नाव आधीच ओळखलं होतं. जगात मोजक्या घरांत दिसणारा आजार.

डॉक्टरांनी मला तो औषधाच्या कागदामागे चित्र काढून समजावला, आणि मी तो तुम्हाला माझ्या भाषेत सांगते. हाड म्हणजे दगड नव्हे. जुनं पाडणारे मजूर आणि नवं बांधणारे गवंडी त्यात जन्मभर राबत असतात. हाडाच्या पोटात खोल बसलेल्या काही पेशी असतात, त्या 'स्क्लेरोस्टिन' नावाचं प्रथिन सोडतात. हा स्क्लेरोस्टिन म्हणजे बांधकामावरचा मुकादम समजा. गवंड्यांना ओरडतो, "बस झालं, काम बंद!" आपण चाललो, ओझं उचललं की मुकादम गप्प बसतो आणि बांधकाम चालू राहतं. माणूस अंथरुणाला खिळला की मुकादम जोरात येतो. सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहिलेल्या पायाचा फोटो काढला की हाड फिकं दिसतं, ते मी शेकडो वेळा पाहिलं होतं. त्यामागे याचाही हात असतो हे मला तेव्हा कळलं.

सोनलच्या अंगात हा मुकादम जन्मलाच नव्हता. आईबापाच्या दोघांच्याही रक्तात एकेक बिघडलेला आणि एकेक चांगला सांगावा, म्हणजे जनुक, होता, म्हणून त्यांचा मुकादम अर्धाच, आणि हाडं नुसती दणकट. पोरीला दोघांकडूनही बिघडलेलाच मिळाला. तिचे गवंडी रात्रंदिवस भिंती जाड करत होते आणि थांबवणारं कुणी नव्हतं.

यावर औषध नव्हतं. कवटीचं हाड कापून मेंदूला जागा करून देणं, एवढाच इलाज. बाळारामनं ते ऐकलं आणि हात जोडले.

"नको, सायेब. आमच्या हाडांवर सगल्या गावाची नजर हाय. देवीनं दिल्यात ती हाडं. मोडत नाय ती तुमी कापाला सांगताव? कवटीची? पोर हाय ती." आणि माझ्याकडे वळला. "आन मागं याच बायनं फोटू काढलावता. तवा तर सगला बरोबर व्हता. मंग आठ वर्सांत असा काय झाला?"

मला गप्प राहता आलं असतं. डॉक्टर माझ्याकडे बघत होते, त्यांनाही बादलीचं माहीत नव्हतं. मी आयुष्यात कुणापुढे हार खाल्लेली नव्हती, नवऱ्यापुढेही नाही. पण त्या दिवशी मी बाळारामसमोर खुर्ची ओढून बसले.

"तो फोटो बरोबर नव्हता, बाळाराम," मी म्हटलं. "आधी दोन पांढरे आले होते. ते खरे होते. मला वाटलं माझं चुकलं, म्हणून मी ते फेकून दिले आणि किरण वाढवून तुम्हाला चांगला दिसणारा काढून दिला. तेव्हाच ते पांढरे फोटो डॉक्टरांना दाखवले असते तर आठ वर्षं या पोरीवर कुणाचं तरी लक्ष राहिलं असतं. कान वाचला असता कदाचित. माझ्या अब्रूपायी ते झालं. मला क्षमा करा, नाहीतर करू नका. पण आता तिचे डोळे जाऊ देऊ नका."

बोलताना रडू आलं. लपवलं नाही. सोनल माझ्या ओठांकडे बघत होती. तिला किती ऐकू गेलं कोण जाणे, पण तिनं बापाच्या दंडाला हात लावला.

बाळारामनं तिचा हात हातात घेतला. मग म्हणाला, "आता काढलाव तो तरी खरा हाय ना?"

"खरा आहे. माझा हात शेजारी ठेवून काढलाय."

"मंग कदी जायाचा ते सांगा."

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात तिला सकाळी आत नेलं ते दिवस मावळताना बाहेर आणलं. हाड इतकं टणक की कापायची पाती बोथट होत होती, सर्जन मधे मधे ती बदलत होते. मी त्या दिवशी दवाखान्यात सात फोटो काढले आणि सातही जणांवर खेकसले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला. पलीकडे बाळाराम. 

"बाय, ती जागी झाली. भिंतीवर घड्याल हाय, लांब. बोलली, बाबा, सवासात वाजलं. मी बघितला, बाय. सवासातच व्हते!"

मी रिसीव्हर ठेवला आणि बाहेर बसलेल्या सगळ्या पेशंटांना सांगितलं, सवासात वाजले. त्यांना वाटलं मी दवाखाना बंद करतेय. मग चहा मागवला, सगळ्यांना.

सोनलचं हे असं जन्मभराचं आहे. हाड वाढतच राहतं, दरवर्षी तपासून घ्यावं लागतं. डाव्या कानाचं जे गेलं ते परत आलं नाही आणि ते माझ्या खात्यावर आहे, ते मी विसरत नाही. पण उजव्या कानाला मशीन आहे, डोळे धडधाकट आहेत. बारावी झाली. आता ती नेरळजवळच्या एका नर्सरीत आंब्याची कलमं बांधते. जुळलेल्या दोन बोटांत काडी धरते आणि पट्टी अशी घट्ट गुंडाळते की मालक म्हणतो, हिचं कलम मरत नाही. माझ्या दारातला आंबा तिच्याच हातचा.

आता माझ्या चाळणीचं सांगते. त्या दिवशी डॉक्टरांनी घाबरू की काय विचारलं, ते मी हसण्यावारी नेलं. लोकांची हाडं बघण्यात आयुष्य गेलं, स्वतःची कोण बघतो? निवृत्त होऊन दोन वर्षं झाली आणि एका सकाळी पाण्याची बादली उचलली. पाठीत कट् झालं. मणका दबला. मी दोन बोटं बुटकी झाले आणि नवऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे वरून बघता आलं. सून म्हणाली, "आई, आता बसून राहा." बसून राहणं म्हणजे मुकादमाला आणखी चढवणं, हे त्या घरात एकट्या मलाच ठाऊक होतं.

डॉक्टर कारखानीस केस पांढरे झाले तरी दवाखान्यात येतात. ते म्हणाले, "बाई, एक नवं औषध आहे. महिन्यातून एकदा इंजेक्शन, वर्षभर. तुमचा मुकादम आहे ना, त्याचं तोंड बांधतं." मग त्यांनी त्या औषधामागची हकीकत सांगितली. जगात कुठे कुठे सोनलसारख्या घरांतल्या लोकांची हाडं का मोडत नाहीत, याचा माग काढता काढता शास्त्रज्ञांना हा स्क्लेरोस्टिन सापडला होता. जन्मतःच तो नसलेल्या माणसांवरून त्यांनी तो थोडा काळ आवरायचं औषध तयार केलं. ते सगळ्यांना चालत नाही. हृदयविकाराचा झटका किंवा लकवा होऊन गेला असेल तर देत नाहीत. आधी माझं हृदय तपासलं. ते ठणठणीत निघालं, ही बातमी माझ्या सुनेला खरी वाटेना.

सोनल भेटायला आली तेव्हा मी तिला इंजेक्शनचं सांगितलं. ती इतकी हसली की कानातलं मशीन शिट्टी वाजवायला लागलं. "म्हंजे बाई, जो माज्यात नाय त्याला तुमी सुया टोचून गप करताव?"

"हो गं. वर्षभर तुझ्या घराण्यातली होणार मी."

"मंग हंडीला या. बाबांच्या बाजूला उभ्या ऱ्हावा."

वर्ष पुरं झालं. नंतर हाड टिकवायचं दुसरं औषध सुरू झालं. स्कॅनमध्ये माझ्या मणक्यांचा आकडा चांगला वर आला आहे. रोज सकाळी स्टेशनापर्यंत चालत जाऊन येते, पाठीवर पिशवीत दोन नारळ घालून. डॉक्टरांनी एक सांगितला होता.

परवा मुंबईला सोनलच्या वर्षाच्या तपासणीला मीही गेले होते. बाळारामला कापणीमुळे सवड नव्हती. एक्स-रेच्या खोलीबाहेर मी बाकावर बसले. दार अर्धवट उघडं होतं. आतली टेक्निशियन मुलगी तरुण, चुणचुणीत, घाईत. मला माझीच आठवण झाली. तिनं फोटो काढला, पडद्याकडे बघितलं आणि तिच्या कपाळावर आठी पडली. कोपऱ्यातला आकडा बघत होती ती. पोरगी हुशार होती.

"ताई, हलू नका हं," ती म्हणाली. "किरण कमी पडलेत. वाढवून परत काढते."

मी उठायला निघाले. पण सोनलनं मशीन लावलेला कान तिच्याकडे वळवला होता. तिनं टेबलावरूनच हात वर केला, दोन जुळलेल्या बोटांचा.

"नको वाढवू, ताई. फोटू बरोबर आलाय. हाडंच अशी हायेत माजी. तसाच पाठव, डॉक्टरांना बघू दे."